उंबराखालच्या चार खुंट्या

आमच्या घरी भाडेकरू ठेवायचा नाही, हा माझा नियम होता. जान्हवीसाठी मी तो मोडला. खोली पाहायला आलेल्यांत तीच एक मुलगी अशी निघाली, जिने चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि इंटरनेटची चौकशी करण्याआधी पिण्याच्या पाण्याची केली. ती हिंगोलीकडची. पुण्यात संख्याशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय भाताचा होता. मोजक्या शेतांतला ठरावीक तुकडा कापायचा, तोलायचा आणि त्याला उपग्रहाच्या छायाचित्रांची जोड देऊन साऱ्या गावाच्या पिकाचा खरा अंदाज बांधायचा, याची रीत ती शोधत होती. मुळशी तालुक्यातली चौसष्ट खाचरे तिच्या यादीत होती. त्यांत आमचे मोठे खाचर होते.

मला अभिमान वाटला, हे मी लपवणार नाही. माझ्या आजेसासऱ्यांची उत्तम जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली. वर जे उरले, त्यात चारचौघांना दाखवावे असे हे एकच खाचर. माझा धाकटा मुलगा अमोल पिरंगुटला कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला ते नको होते. "आई, पिकतं काय त्यात? तंबूवाले जागा मागतायत, देऊन टाकू," असे तो दर रविवारी जेवताना म्हणे. शहरातली माणसे येऊन तंबूत झोपणार आणि सकाळी पाण्याचे फोटो काढणार, यासाठी मी खाचर देणार नव्हते. विद्यापीठाच्या कागदावर त्याचे वजन एकदा लागले की अमोलचे तोंड बंद होईल, असा माझा हिशेब होता.

"आमचंच खाचर का निवडलंस ते कळलं मला," मी जान्हवीला म्हणाले. "तालुक्यात असं दुसरं नाही."

"मी नाही निवडलं, आजी. आकड्यांनी निवडलं."

तिने एक पान माझ्यापुढे धरले. आकडेच आकडे, ना चढता क्रम, ना उतरता. मी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून काढली, पण असे पान कोणा मुलाने आणून दिले असते तर मी त्याला पुन्हा लिहायला बसवले असते.

"मी निवडायला लागले, की माझी आवड त्यात येते," ती म्हणाली. "मला कळतसुद्धा नाही. म्हणून निवड यांच्यावर सोपवायची. खाचर कुठलं ते हे ठरवणार, आणि त्या खाचरातला तुकडा कुठला, तेही हेच."

"म्हणजे मुलगी बघायला पाहुणे आले, की घरात चिठ्ठी टाकायची आणि जिचं नाव निघेल तिनं पोहे घेऊन जायचं?"

ती खळखळून हसली, पण उत्तर द्यायला चुकली नाही. "पाहुण्यांना सगळं घर कळायला हवं असेल, तर तसंच करायला हवं, आजी."

कार्तिकात खाचरातले इंद्रायणी भात पिवळे पडले. कापणीच्या आदल्या दिवशी दुपारी ती खाचराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभी राहिली, पानावर बोट ठेवले आणि पावले मोजत निघाली. इतकी पूर्वेला, इतकी उत्तरेला. जिथे पावले संपली, तिथे तिने मोबाईलमध्ये जागेची नोंद केली, दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा तुकडा मापला, चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या आणि भोवती सुतळी बांधली. मी बांधावर उभी होते. खुंट्या नेमक्या उंबराखाली बसल्या होत्या.

उंबराखालचा तो भाग खाचराचे दुखणे आहे. तिथे ऊन पोहोचत नाही, पाणी साचते. त्या वर्षी करपा रोग पडला होता आणि अर्धे भात लोळले होते.

"उद्या भरे गावालाही कापणी आहे, आजी, एकाच वेळी," ती हात पुसत म्हणाली. "इथलं तुम्ही बघाल? फक्त सुतळीच्या आतलं कापायचं. कणीस कुठेही झुको, ज्याचं मूळ आत तेच रोप आपलं. झोडपून, पाखडून वजन करायचं आणि या फॉर्मवर देखरेख करणाऱ्याची सही."

"चौतीस वर्षं परीक्षा घेतल्यात मी," मी म्हणाले.

"म्हणूनच तर," ती म्हणाली आणि फॉर्म माझ्या हाती देऊन गेली.

ऊन उतरेपर्यंत मी ओटीवरून त्या खुंट्यांकडे पाहत होते. शाळेत तपासणीला साहेब यायचे, तेव्हा मी हुशार मुलांना पहिल्या बाकावर बसवत असे. सगळ्याच शाळा बसवत. त्यात कोणाला फसवल्यासारखे मला कधी वाटले नाही. पाहुण्यापुढे फुटका कप ठेवू नये, इतके साधे ते होते. मी गेणबाला हाक मारली. गेणबा माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे शेतीकामाला आहे.

"गेणबा, खुंट्या उपट. मधल्या पट्ट्यात ठोक. माप तेच ठेव."

तो डोके खाजवत राहिला. "आक्का, पोरीनं पावलं मोजून ठोकल्यात न्हवं त्या?"

"पोरीला खाचर माहीत नाही. मला आहे."

"व्हय, त्ये हाय," तो म्हणाला आणि उतरला.

सकाळी मधल्या पट्ट्यातला तुकडा कापला. झोडपले, पाखडले, ताणकाट्याला लावले. चोवीस किलो सहाशे ग्रॅम. मी आकडा लिहिला आणि खाली सही केली. पूर्ण नावाची, शाळेच्या दाखल्यांवर करत असे तशी. रविवारी अमोल ताटावर बसला, तेव्हा मी तो आकडा भाजीआधी वाढला. तो म्हणाला, "बरं बाई, पिकतं." पुढचे तीन महिने तंबूंचे नाव निघाले नाही.

माघात एके सकाळी जान्हवी चहाला खाली आली आणि कप तसाच धरून बसली.

"काय झालं?"

"एक आकडा बसत नाहीये, आजी. छायाचित्रात ती जागा मेल्यासारखी दिसते आणि वजन चौसष्टांत सगळ्यात जास्त. उषा मॅडम म्हणतात, असा आकडा घरी बसून लिहिलेला असतो." उषा मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. "एक लिहिलेला निघाला तर बाकीच्या त्रेसष्टांवर विश्वास का ठेवायचा, असंही म्हणाल्या. शनिवारी स्वतः येणार आहेत. तो आकडा आपल्या खाचराचा आहे. आजी, खुंट्या होत्या तिथेच होत्या ना?"

तेव्हा मी सांगायला हवे होते. त्याऐवजी मी म्हणाले, "माझी सही आहे त्यावर."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण पार उतरला. "तेच मी मॅडमना सांगितलं. म्हटलं, मोबाईल चुकला असेल, छायाचित्र चुकलं असेल, त्या सहीत चूक निघणार नाही. त्या पाहिजे तर माझा सगळा प्रबंध परत पाठवू देत." आणि तिने गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

ती वर गेल्यावर मी तिचा कप विसळला. माझ्या शाळेत एका मुलाने पाटीवरचे उत्तर शेजाऱ्याचे पाहून लिहिले, म्हणून मी त्याला सर्वांसमोर उभे केले होते. त्याचे नाव मला आजही आठवते. त्याच्या चेहऱ्याकडे मात्र मी तेव्हा नीट पाहिले नव्हते. इथे तर मी लिहिले होते आणि उभी दुसरीच राहणार होती.

शनिवारी उषा मॅडम आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायांत चिखलाचे बूट. मला आवडाव्यात अशा बाई. चहा नको म्हणाल्या आणि सरळ खाचरात उतरल्या. पाठोपाठ जान्हवी कागद घेऊन, मागे मी, आणि सुट्टी असल्यामुळे अमोलही. गेणबा बांधावर बसला होता. मी जवळून जाताना तो हळूच उठला.

"आक्का, मी म्हंतो मीच हालवल्या. म्हाताऱ्याला काय, इसरला म्हंत्याल. तुमचं नाव कशाला?"

"गप्प बस," मी म्हणाले. पण त्याच्याकडे पाहून ते जेवढे कडक यायला हवे होते, तेवढे आले नाही.

मॅडम उंबराखाली उभ्या राहिल्या आणि मोबाईल पाहिला. "जागा हीच. इथे चोवीस किलो, जान्हवी? गवत तरी उगवतं का इथे?"

"मॅडम, देखरेख आजींची होती. मी त्यांच्या सहीवर—"

"सहीने भात पिकत नाही. तू एवढंच सांग, हा आकडा तू लिहून घेशील? तुझ्या नावावर?"

"हो," जान्हवी म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "घेईन."

"नको घेऊस," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी काठी टेकली आणि ताठ उभी राहिले. सांगायचेच तर वाकून सांगायचे नाही, असे मी ठरवून आले होते. "खुंट्या इथेच होत्या. आदल्या संध्याकाळी मी त्या काढायला लावल्या आणि मधल्या पट्ट्यात ठोकायला लावल्या. गेणबाने माझा हुकूम ऐकला, दुसरं काही केलं नाही. या मुलीला ठाऊक नव्हतं. परवा तिने मला विचारलं, तेव्हाही मी सांगितलं नाही."

अमोल पाण्याकडे पाहत होता.

"का हलवल्या, आजी?" मॅडमनी विचारले. विचारण्यात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरे वाटले असते.

"माझं खाचर वाईट दिसू नये म्हणून."

मॅडमनी मान हलवली. "माझ्या आईनेसुद्धा हेच केलं असतं," त्या म्हणाल्या. मग जान्हवीकडे वळल्या आणि पुन्हा मास्तरीण झाल्या. "हा तुकडा गाळ. का गाळला, ते प्रबंधात स्पष्ट लिही. आणि आता एवढ्यावर भागणार नाही. पुढच्या कार्तिकात बारा खाचरं पुन्हा काप, त्याच जागा, हे खाचर धरून. ते छायाचित्रांशी जुळलं की बाकीच्या आकड्यांवर मी सही करीन. वर्ष जाईल. इलाज नाही."

वर्ष. हिंगोलीला तिचे वडील दर फोनला ‘कधी संपतंय?’ विचारत, हे मला माहीत होते.

त्यानंतर आठ दिवस जान्हवी चहाला खाली आली नाही. जिन्यात समोर आली की "नमस्कार, आजी" म्हणे, आणि तो नमस्कार मला टोचे. नवव्या दिवशी मी वर गेले. माझे गुडघे त्या जिन्याला राजी नसतात. ती टेबलाशी होती.

"मी चुकले," मी म्हणाले. हे वाक्य म्हणण्याची मला सवय नाही. ते मी दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा नीट आले नाही.

तिने हातातले पेन ठेवले. "खुंट्यांचं मला इतकं नाही वाटलं, आजी. मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तेव्हा सांगितलं असतं ना, तर मी हसले असते. खरंच हसले असते."

दुसऱ्या दिवशी ती चहाला खाली आली. साखर कमी आहे म्हणाली. मी ती घालून दिली.

तंबूंचा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही. पण त्या शनिवारनंतर अमोलने आकड्यावरून मला कधी टोकले नाही, आणि ते त्याचे मोठेपण मी मनात धरून ठेवले आहे.

पुन्हा कार्तिक आला. जान्हवीने जुनेच आकडे घेतले, जुनीच पावले मोजली आणि चार खुंट्या पुन्हा उंबराखाली ठोकल्या. भात त्या वर्षीही तिथे लोळले होते. सुतळीची गाठ मारून ती बांधावर आली आणि पिशवीतून फॉर्म काढला.

"उद्या भऱ्याची कापणी आहे, आजी," ती म्हणाली. "इथलं तुम्ही बघाल?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे परीक्षा नव्हती. तिला खरोखरच भऱ्याला जायचे होते.

"बघीन," मी म्हणाले.

सकाळी गेणबा विळा घेऊन बसला. अमोल रजा घेऊन आला होता, ताणकाटा त्याच्या हाती होता. बाहेरच्या अंगाला, जिथे ऊन लागते, तिथले एक रोप चांगले पोसले होते आणि त्याची भरलेली कणसे सुतळीवरून आत लोंबत होती.

"आक्का, ह्ये?" गेणबाने विळा धरून विचारले. "कणीस तर आत हाय."

मी काठी बाजूला ठेवली आणि खाली बसले. बुडख्याला हात घातला, मूळ कुठे आहे ते चाचपले, आणि ती सगळी कणसे उचलून सुतळीच्या बाहेर ठेवली.

झोडपून, पाखडून जे निघाले ते अमोलने काट्याला लावले. त्याने काटा दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिले.

"नऊ किलो दोनशे, आई."

"लिही," मी म्हणाले आणि सहीसाठी पेन मागितले.