शांत तेल

दूधविनायकाच्या गल्लीत कालिंदीच्या तळायच्या मशीनला सगळे ‘बिजलीवाली कढाई’ म्हणत. तिचा धाकटा दीर ढुंढिराज तेवढा ‘ती डबडी’ म्हणे.

दिसायला ती खरोखर पत्र्याची मोठी पेटीच होती. आत स्टीलची खोल टाकी, टाकीच्या तळापासून चार बोटं वर आडवी वळणं घेत गेलेली कॉइल, पुढच्या बाजूला उष्णता कमी-जास्त करायचं बटण, एक लाल दिवा आणि खाली तेल काढायची तोटी. लहुराबीरकडचं एक हॉटेल बंद पडलं, तेव्हा कालिंदीचा नवरा काशीनाथ ती घेऊन आला होता. ठेला गल्लीत शिरेना, म्हणून शेवटी चौघांनी पेटी खांद्यावर घेतली. समोरचा विष्णु पानवाला दुकानातूनच ओरडला होता, “राम नाम सत्य है!” अख्खी गल्ली हसली होती, काशीनाथ सगळ्यात जास्त. पुढे काही वर्षांनी तो स्वतः त्याच गल्लीतून तसाच चौघांच्या खांद्यावरून गेला, तेव्हा विष्णु दुकानाची फळी लावून आत बसून राहिला.

दुकान भाड्याचं होतं. वर मालक राहायचा आणि कोळशाच्या भट्टीचा धूर त्याला खपत नसे. त्यामुळे ही पेटी होती तोवरच दुकान होतं, आणि दुकान होतं तोवर कालिंदीला कुणाच्या घरी पोळ्या लाटायला जावं लागत नव्हतं. गंगेच्या घाटावर उतरलेले महाराष्ट्रातले यात्रेकरू उपासाच्या दिवशी पत्ता विचारत यायचे. साबुदाण्याचे वडे, बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप. बाकी दिवशी बटाटेवडे.

काशीनाथने तिला मशीन हळूहळू, न चिडता शिकवली होती. तेल कॉइलच्या वर असल्याशिवाय बटण लावायचं नाही. उघडी कॉइल लाल होते आणि आग लागते. वडा टाकण्याआधी हात कोरडे करायचे. चुरा कॉइलच्या खाली थंड तेलात जाऊन बसतो, तो रोज काढायचा. तेल कोमट झालं की तोटीतून उतरवायचं, फडक्यातून गाळायचं. आणि बत्ती गेली, की दुसरं काहीही करण्याआधी भिंतीवरचा लोखंडी खटका खाली ओढायचा आणि टाकीवर झाकण ठेवायचं.

“बत्ती नाही, मग बंद काय करायचं?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“बत्ती येते तेव्हा विचारून येत नाही,” तो म्हणाला होता. “आणि हे बघ. चुलीवरच्या कढईला माणूस भितो, कारण खाली जाळ दिसतो. इथे जाळ नाही, आवाज नाही. वडे काढले की तेल एकदम शांत होतं, तुपासारखं. अर्धा-पाऊण तास तसंच तापलेलं राहतं. हिला तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं नाही.”

ढुंढिराजला त्या जागेत एसटीडी बूथ टाकायचा होता. परवाना त्याच्या हातात आला होता. काचेची केबिन कुठे बसेल याची मापंही तो दोरीने घेऊन गेला होता. भाडेपावती भावाच्या नावावर, म्हणजे जागा आपली, असं त्याचं म्हणणं. मालक मात्र म्हणायचा, जोवर बाई दुकान चालवते तोवर मी मध्ये पडणार नाही. म्हणून दुकान चालू नये, एवढंच आता ढुंढिराजला पाहायचं होतं. दिवाळीनंतर एकदा त्याने फळी बंद केली, कालिंदीचा हात चौकटीत असताना. तिची डावी करंगळी तेव्हापासून वाकडीच राहिली. संक्रांतीला त्याने पिठाचा डबा गल्लीत उलटा केला. अलीकडे त्याने नवीनच काढलं होतं: त्या हॉटेलात या डबडीत मटणाचे कटलेट तळायचे, आणि वहिनी त्यातच यात्रेकरू यजमानांना उपासाचे वडे घालते.

पेटी आणल्यावर काशीनाथने सोडा घालून टाकी उकळली होती, घासली होती, दोन दिवस उन्हात वाळवली होती. पण अफवेला त्याचं काय?

महाशिवरात्रीच्या दिवशी कालिंदीने भल्या पहाटे तेल भरलं. गर्दीही आली, निम्मी आली, पण आली. सांगलीकडचं एक कुटुंब ओट्यावर बसून खात होतं. पहिला घाणा काढला, दुसरा काढला. तिसऱ्याची बास्केट तिने वर अडकवली आणि त्याच वेळी ट्यूबलाइट विझली. गल्लीभर ‘अरेऽऽ’ झालं.

तिचा हात सवयीने भिंतीवरच्या खटक्याकडे गेला. तो मध्येच कुणीतरी धरला.

“कुठे निघालात वहिनी? आज पळायचं नाही.”

ढुंढिराज. सोवळं नेसलेला, कपाळावर ओला त्रिपुंड्र. त्याच्या मागे त्याची बायको अन्नपूर्णा, दोन्ही हातांनी तांब्याची कळशी छातीशी धरून. कळशी काठोकाठ भरलेली, तिचा पदर भिजलेला. डाव्या डोळ्याखाली पिवळट काळं. असले डाग गल्ली बघून न बघितल्यासारखं करी.

“हात सोडा, भाऊजी. खटका ओढायचाय.”

“खटका!” तो बाहेर तोंड करून ओरडला. “सुनिए भाई लोग! शिवरात्रि के दिन यह पाप अब नहीं चलेगा. गंगाजल से शुद्ध करूँगा, सबके सामने!”

सांगलीवाले द्रोण ठेवून उठले. विष्णु चुना लावता लावता थांबला. “अरे पंडितजी, त्योहार का दिन है, जाने दीजिए...”

“तू पान लगा!”

कालिंदीने हात हिसडला. त्यासरशी त्याने तिच्या कानाखाली मारली. तिचं डोकं फळीवर आपटलं, वरून मिठाची बरणी पडून फुटली. तिने पुन्हा खटक्याकडे झेप घेतली. त्याने अंबाडा धरून मागे खेचलं, हाताला लागला तो झारा उचलला आणि तिच्या पाठीवर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा झाऱ्याची कड खांद्यात रुतली आणि चोळी लाल झाली. दारात माणसं दाटली होती. आत कुणी येत नव्हतं. घरातली गोष्ट.

तिला जमिनीवर टाकून त्याने कळशी मागितली. “आण इकडे.”

अन्नपूर्णा पुढे झाली. जागा एवढीशी, त्यामुळे कळशी देऊन ती टाकीला चिकटूनच उभी राहिली.

कालिंदीने मान वर केली. टाकीतलं तेल हलत नव्हतं. बुडबुडा नव्हता, धूर नव्हता. त्यात दाराच्या उजेडाची पट्टी दिसत होती, स्वच्छ, न मोडलेली. कॉइलचा लाल दिवा विझलेला होता. जितकं शांत असायला नको तितकं शांत.

ओत, असं तिच्या मनात आलं. ओत, आणि भोग. तिने जीभ दाताखाली धरली. पण तेवढ्यात तिला अन्नपूर्णेचा भिजलेला पदर दिसला, टाकीच्या कडेवर टेकलेला तिचा उघडा हात दिसला.

“भाऊजी, नका! तेल तापलेलं आहे!”

“बत्ती नाही, जाळ नाही, आणि म्हणे तेल तापलंय!” तो हसला. “मला शिकवतेस?”

त्याने कळशी उचलली. कालिंदी उठली ती त्याच्याकडे गेलीच नाही. तिने दोन्ही तळहात अन्नपूर्णेच्या छातीवर मारले आणि तिला दाराबाहेर लोटलं. ती विष्णुच्या पायरीवर जाऊन आदळली. “हर हर महादेव” म्हणत ढुंढिराजने कळशी उलटी केली.

क्षणभर काहीच झालं नाही. पाणी जड, ते सरळ तळाला गेलं. मग खालून कुणी लाथ मारावी तसा धक्का बसला आणि टाकी फुटल्यासारखं तेल वर आलं, पांढरं, फेसाळ, छतापर्यंत. ढुंढिराजचा उजवा हात, गळा, छाती तेलाने एका घासात घेतली. जानवं कातडीला चिकटलं. तो किंचाळला तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. मागे सरकताना पाय घसरून तो खाली, तेलातच पडला. कालिंदीने तोंडावर हात घेतला होता. तो कोपरापर्यंत पोळला.

फेस कडांवरून धबधब वाहिला आणि बसला. टाकीत अर्धंही तेल उरलं नव्हतं. कॉइलची वरची वळणं उघडी पडली होती, काळी आणि चकचकीत.

आणि दुर्गाघाटाच्या बाजूने पोरांचा आवाज आला: “आ गइल! आ गइल!”

एरवी त्या ओरडण्याने तिला हसू यायचं. तिकडची बत्ती नेहमी आधी यायची, इकडची मागाहून, पेलाभर पाणी पिऊन होईल तेवढ्या वेळात. खटका वरच होता. ती भिंतीकडे निघाली आणि तोंडावर आपटली. ढुंढिराजने डाव्या हाताने तिचा घोटा धरला होता.

“जिती सोडणार नाही,” तो घशातून बोलत होता. “तुला इथेच...”

“सोडा! बत्ती आली तर दोघेही जळू!”

त्याला ऐकू जात नव्हतं, किंवा जात होतं. त्याने तिला तेलातून मागे ओढलं आणि गुडघा तिच्या पोटात घातला. तिला श्वास मिळेना. डोक्यावर ट्यूबलाइट फडफडली, एकदा, दोनदा, आणि लागली. लाल दिवा लागला. कॉइलने धूर सोडला, मग ती विटकरी झाली, मग लाल, आणि वळणांवर उरलेली तेलाची साय एकदम पेटली. ज्योत भिंतीवरच्या कॅलेंडरला चाटून गेली.

कालिंदीने मान वळवून त्याच्या मनगटात दात रोवले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. पकड सैल झाली तेव्हा तिच्या हाताला झारा लागला. तो तिने सगळ्या जोरानिशी त्याच्या कोपरावर मारला. हाड वाजलं. ती रांगत भिंतीपाशी गेली, उभी राहिली आणि वाकड्या करंगळीच्या हाताने खटका खाली ओढला. मग झाकण घेऊन टाकीवर दाबून धरलं. झाकणाच्या कडेतून ज्योतीने दोन-तीनदा जीभ बाहेर काढली आणि ती विझली.

कॅलेंडर जळतच होतं. जमिनीवर तेलाचं तळं. अन्नपूर्णा कधी आत आली कुणास ठाऊक. तिने ओला पदर हाताला गुंडाळला, कॅलेंडर भिंतीवरून फाडलं आणि गल्लीत फेकून पायांनी चिरडलं.

आता मात्र सगळी गल्ली धावून आली. विष्णु पाण्याची बादली घेऊन. “हटो, हटो, पानी डालो!”

कालिंदी दारात आडवी उभी राहिली. झारा अजून हातात होता. खांद्यातून रक्त वाहत होतं, आणि ओठांवर जे होतं ते तिचं नव्हतं.

“एक बूँद भी अंदर आई, तो सिर फोड़ दूँगी, विष्णुभैया. तुम्हारा भी.”

विष्णुने बादली खाली ठेवली.

आतून ढुंढिराज ओरडला, “इसने तेल फेंका! मार डाला मुझे! सबने देखा है!”

कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. मागच्या एका म्हाताऱ्याने पुटपुटायला सुरुवात केली, की गंगामाईच कोपली, अशुद्ध भांडं तिला चालेना. दोघा-तिघांनी माना हलवल्या. कालिंदीने त्या माना पाहिल्या. दुकान गेलं, एवढं तिला त्यातून कळलं.

“पाणी यांनी ओतलं.”

आवाज इतका बारीक होता, की तो कुणाचा हे समजायला वेळ लागला. अन्नपूर्णा गल्लीत यापूर्वी कधी बोललीच नव्हती. ती मग हिंदीत बोलली, सगळ्यांना समजावं म्हणून. “पानी इन्होंने डाला. कलसी मैं भरकर लाई थी, घाट से नहीं, घर के नल से. बोले, इन लोगों को क्या पता चलेगा. दीदी चिल्लाईं कि तेल गरम है. मुझे धक्का न दिया होता तो मैं भी वैसे ही पड़ी होती.” तिने आत बोट दाखवलं.

म्हाताऱ्याचं पुटपुटणं थांबलं. विष्णु म्हणाला, “नल का पानी! वाह पंडितजी,” आणि पानाची पिचकारी नालीत टाकून खाट आणायला गेला. चौघांनी ढुंढिराजला उचलून कबीरचौऱ्याच्या दवाखान्यात नेलं. कालिंदीने नळाखाली हात धरला आणि कातडी बधिर होईतो काढला नाही.

सगळं साफ करण्यात तिचे पुढचे कितीतरी दिवस गेले. जमिनीवर राख आणि भुसा टाकून तेल खरवडलं. उरलेलं तेल तोटीतून उतरवलं, कॉइलवरची काजळी काढली, टाकी घासली, कोरडी केली, पुन्हा उन्हात वाळवली. बिजलीमिस्त्रीकडून बटण आणि तारा तपासून घेतल्या. नवीन तेल कॉइलच्या वर चार बोटं भरलं. त्या दिवशी एकादशी होती आणि ओट्यावर माणसं आधीच येऊन बसली होती.

अन्नपूर्णा मागच्या दाराने आली.

“जाऊबाई, ते आज घरी येणार आहेत. हात प्लास्टरमध्ये आहे. पण दुसरा...”

“डावा का उजवा?”

“डावा प्लास्टरमध्ये. उजव्याला पट्ट्या.” ती थांबली. “दुपारपर्यंत मी इथे बसू? काही काम सांगा. मला हे शिकवा.”

“वडे थापता येतात?”

“वडे येतात. हे येत नाही.” तिने पेटीकडे पाहिलं. तिला तिची भीती वाटत होती, हे दिसत होतं.

कालिंदीने तिला बटणाकडे नेलं नाही. भिंतीकडे नेलं. “आधी हे. चालू करायचं नंतर. हा खाली म्हणजे बंद. ओढून बघ. जोरात. अजून.”

लोखंड कुरकुरलं. अन्नपूर्णेने खटका खाली ओढला, वर केला, पुन्हा ओढला. मग तेल तापलं, पहिला घाणा निघाला, दुसरा पडला. वडे फुलत असतानाच ट्यूबलाइट विझली. गल्लीत ‘अरेऽऽ’ झालं. कालिंदी बास्केट उचलत होती, तिला वळायला वेळ लागला. ती वळली तेव्हा खटका खाली होता आणि अन्नपूर्णा झाकण घेऊन उभी होती.

बाहेर विष्णुचा आवाज आला, जरा मुद्दाम मोठा केलेला. “आइए पंडितजी, आइए. छुट्टी मिल गई?”

पावलं दुकानाच्या दिशेने येऊ लागली. अन्नपूर्णेने टाकीवर झाकण ठेवलं आणि घट्ट बसलं का ते तळहाताने दाबून पाहिलं. मग ती कालिंदीच्या शेजारी, दाराकडे तोंड करून उभी राहिली. झारा कालिंदीने आधीच हातात घेतला होता.