सात नंबर वाढला

मी सेंद्रिय सौर सेलवर संशोधन करते म्हटलं की मुरुडला आई विचारते, "त्याला शेणखत घालतात का गं?" आता काय कपाळ बडवायचं! काचेवर दिलेला पातळ थर असतो तो. तपासताना त्यात वीज सोडली की डोळ्यांना न दिसणारा मंद प्रकाश बाहेर पडतो. प्रकाश जितका जास्त, तितकी आतली गळती कमी आणि सेलचं व्होल्टेज जास्त. माझी पीएचडी त्या प्रकाशावर टांगलेली.

संक्रांतीला मी मुरुडला होते. नांदेडच्या प्रयोगशाळेतून केवळामावशींचा फोन आला. झाडलोट, काचा पुसणं त्यांच्याकडे. "ताई, तुमचा सात नंबरचा सेल वाढला बगा." मी हुरळले. परत येऊन मोजलं, तर प्रकाश खरंच दुप्पट. माझे मार्गदर्शक शेषेराव सर पेढे वाटत सुटले. शोधनिबंध त्याच आठवड्यात पाठवला.

आज सकाळी आकडे पुन्हा पाहिले. प्रकाश दुप्पट, म्हणजे व्होल्टेजही अठरा मिलिव्होल्ट चढायला हवं. एकही चढलं नव्हतं.

"मावशी, सेल वाढला हे तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्याच हातून निसटला की. सणाच्या दिवशी फुटला म्हनू का?"

फुटलेल्या बांगडीला आपण वाढली म्हणतो. मीसुद्धा म्हणते, मूर्ख! सेल भिंगाखाली धरला. काचेच्या कडेला केसाएवढी चीर होती. एरवी काचेत अडकून राहणारा प्रकाश तिथून बाहेर सांडत होता. आत काहीच सुधारलं नव्हतं.

हे सांगितलं तेव्हा सर ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी दार लोटून घेतलं.

"निबंध तपासणाऱ्यांनी सेल मागवलाय. फुटला म्हणून कळवू. कधी फुटला, ते आपल्या हातात आहे." त्यांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "आज फुटला. म्हणजे मोजला तेव्हा शाबूत होता. मावशीच्या निष्काळजीपणामुळे. पुढच्या महिन्यात तुझा प्रबंध आहे, दिपाली."

"त्यांना काढून टाकतील, सर."

"कंत्राटी बाई आहे. दुसरी मिळेल."

दाराबाहेरून मावशींची हाक आली, "ताई, भाकर आनली हाय तुमच्यासाठी. या जेवायला."

"आलेच," मी म्हणाले, आणि वहीत आजची तारीख घातली.