डाळीनं सांगितलं

“‘मिळाली’ असं लिहितायत की सगळे, अक्का. ‘उघडली’ असं कुणी लिहिलंय काय?”

सुप्रीतानं हे विचारलं आणि वनजाच्या कपाळाला आठी पडली. पडणारच! म्हैसूरला बेळगोळच्या रस्त्यावरच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत वनजा अठरा वर्षं नोंदी भरत होती, आणि सुप्रीता दोन महिन्यांपूर्वी आलेली केमिस्ट. कालची पोर शिकवायला लागली तर कुणाला गोड वाटतं?

“अय्यो, न उघडायला काय झालं? माझ्याकडं उघडतेय की.”

“तुमच्याकडं तो प्रोग्रॅम आहे, अक्का. गावच्या शाळेत कुठनं येणार तो?”

पूर्वी अहवाल छापून पोस्टानं जात. चार वर्षांपूर्वी कागद बंद झाला, ‘ईमेल करा’ म्हणून हुकूम आला, आणि वनजानं नोंदींची अख्खी फाइलच अकरा शाळांना पाठवायला सुरुवात केली. दर महिन्याला, न चुकता. अकरा ठिकाणांहून उत्तर यायचं, ‘मिळाली, धन्यवाद.’ त्या धन्यवादावर ती खूश होती बिचारी.

तिनं टी. नरसीपूरच्या पलीकडच्या एका शाळेत फोन लावला. मुख्याध्यापिका विशालाक्षी आधी आढेवेढे घेत राहिल्या, मग एकदाच्या म्हणाल्या, “खरं सांगू मॅडम? एक पांढरा चौकोन दिसतो. दाबला की काहीच होत नाही. आम्हाला वाटलं, आमचाच फोन हलका. तुम्ही एवढं म्हैसूरहून पाठवता, तुम्हाला कसं सांगायचं?”

वनजानं त्या शाळेच्या नोंदी उघडल्या. त्याच शाळेच्या दुसऱ्या हातपंपापुढं दर उन्हाळ्यात तिनं स्वतः भरलं होतं: क्षार फार, पिण्यास अयोग्य. बासष्ट मुलं. चार उन्हाळे.

त्या दुपारी तिनं आठी बाजूला ठेवली आणि सुप्रीताच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. अहवाल पडद्यावर उघडायचा, तो पीडीएफ करून ठेवायचा, मग फोनवर धाडायचा. मग कुणाकडं कुठलाही प्रोग्रॅम असो वा नसो, पान दिसतंच. अर्ध्या तासाचं काम! “एवढंच होतं होय गे?” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती शाळेत हजर. फोनवर माफी मागणं तिच्या जिवाला पटेना. विशालाक्षींनी खुर्ची पुढं केली, पण वनजा उभीच राहिली. पुढचं सगळं बोलणं अर्थात कन्नडात झालं.

“मुलं कुठल्या पंपाचं पाणी पितात?”

“ते आमची वरलक्ष्मी बघते,” विशालाक्षी म्हणाल्या आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

वरलक्ष्मी पन्नाशीची, हातात डाव, पदर कमरेला खोचलेला. शाळेचं जेवण रांधायला लागून तिला बारा वर्षं झाली होती. ती म्हणाली, “आता पहिल्याचं. दुसरा मी उगादीच्या सणाआधीच बांधून टाकला.” खिडकीतून दिसत होतं. दुसऱ्या पंपाचा दांडा सुंभानं करकचून बांधलेला होता.

“बांधायला कुणी सांगितलं?”

“डाळीनं सांगितलं.”

वनजाला वाटलं, बाई थट्टा करतेय. पण वरलक्ष्मीनं चुलीमागच्या खिळ्यावरची कॅलेंडरं काढली. एकावर एक, चार वर्षांची, तेलकट. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दोन आकडे, पंपागणिक एक. तीन-तीन, तीन-चार, तीन-सहा.

“कुकरच्या शिट्ट्या. रोज दोन्ही पंपांच्या पाण्यात मूठमूठ तूर लावते. तीन-चारात मऊ झाली तर पाणी चांगलं. सहा झाल्या तरी दाणा तसाच, म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलंय. मग मी दांडा बांधते, तपासायच्या मुठीपुरताच सोडते. जे डाळीला पचत नाही ते लेकराला कसं पचेल?”

वनजानं पिशवीतून कागद काढले आणि कॅलेंडराशेजारी जमिनीवर मांडले. मार्च, एप्रिल, मे. मागचं वर्ष, त्याच्या मागचं. तिचं बोट एकदा कागदावर, एकदा कॅलेंडरावर. जिथं जिथं ‘अयोग्य’, तिथं तिथं सहाच्या वर शिट्ट्या. एका साली तर नमुना प्रयोगशाळेत पोचायच्या आठ दिवस आधीच दांडा बांधलेला! अठरा वर्षं लाखांची यंत्रं जे आकडे काढत होती, त्यांच्या बरोबरीनं ही बाई मूठभर तुरीवर चालत होती, आणि कुणाला पत्ता नव्हता.

“अक्का, तुम्ही चार वर्षं मुलांना वाचवलंत,” ती कशीबशी म्हणाली. “आणि मी नुसती फाइल पाठवत बसले.”

वरलक्ष्मीला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं वेगळंच विचारलं, “डाळीला न कळणारं काही असतं का हो पाण्यात?”

“असतं. दातांवर डाग पाडणारं, हाडं वाकवणारं. ते डाळ नाही सांगत.”

“मग ते पाठवा. पण दिसेल असं पाठवा.”

वनजानं तिथंच फोन काढला. विशालाक्षींचा फोन वाजला, त्यांनी पान दाबलं, आणि ते उघडलं. पंप एक, पंप दोन, सगळं कन्नडात, स्वच्छ. “बंतु! बंतु! आलं!” विशालाक्षी पोरीसारख्या ओरडल्या. वरलक्ष्मीनं हात धुतले, पदराला पुसले आणि मगच फोन हातात घेतला. एप्रिलच्या ओळीवर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, “हां. ह्या महिन्यात सात लागल्या होत्या.”

पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेचे सत्यनारायण साहेब अहवालावर सही करताना अडले.

“हा नवा रकाना कसला, वनजाबाई? ‘शिट्ट्या’?”

“तपासणी आहे, सर.”

“आणि तपासणाऱ्याच्या जागी सुप्रीताखाली हे वरलक्ष्मी नाव कुणाचं?”

“तिनंच तपासलंय, सर.”

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, अठरा वर्षांत पहिल्यांदाच जरा वेळ, आणि सही केली.

अकरा शाळांना पानं गेली, खाली वरलक्ष्मीची तुरीची रीत लिहून. वनजा फोन समोर ठेवून बसली. पहिलं उत्तर बन्नूरकडच्या एका शाळेतून आलं, आणि त्यात ‘मिळाली’ नव्हतं, धन्यवादही नव्हता.

‘आमच्या स्वयंपाकाच्या आयाम्मा विचारतात, त्यांच्या आज आठ शिट्ट्या झाल्या. पंप बांधू का?’

वनजानं चष्मा पुसला आणि लिहिलं, ‘बांधा. मी निघाले.’