मिठाचं शेत

साक्रीच्या पेठेत सुलक्षणाचं शिलाईचं दुकान आहे आणि त्याला लागूनच तिच्या नवऱ्याचं, नवलचं, मोटार वाइंडिंगचं. दिवाळी सरली की दोघांची गणितं उलटी होतात. तिची दिवाळीची शिलाई संपलेली असते आणि लग्नसराईची अजून सुरू व्हायची असते. त्याच्याकडे मात्र गावोगावच्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी येऊन पडायला लागतात, कारण कांद्याला पाणी सुरू झालेलं असतं. त्यामुळे कुठे फिरायला जायचं म्हटलं की नवल मागे राहायचा आणि सुलक्षणा सासूला, भिकुबाईंना, घेऊन शालिग्रामभाऊंच्या टूरबरोबर जायची.

शालिग्रामभाऊ माणूस भला. बसमध्ये सकाळी आल्याचा चहा, रात्री गरम खिचडी, आजारपणाच्या गोळ्या, सगळं नीट. फक्त त्यांच्या गळ्यात एक शिट्टी असायची. ती वाजली की देऊळ असो, किल्ला असो, सगळ्यांनी गाडीत यायचं. मागच्या वर्षी टूर राजस्थानला गेली तेव्हा भिकुबाईंचे गुडघे फार धरले होते. चितोडला भाऊंनीच प्रेमाने सांगितलं की आजी, तुम्ही गाडीतच बसा, वर नुसते दगड आहेत. सुलक्षणा किल्ला बघून घाईघाईत खाली आली, तर सासू खिडकीशी, मांडीवर पिशवी घेऊन, दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी बसलेली. पुढच्या दोन गावांनाही तेच झालं. घरी आल्यावर नवलने विचारलं, कशी झाली टूर? भिकुबाई म्हणाल्या, गाडी चांगली होती. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच सुलक्षणाला ते वाक्य पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

यंदा भाऊ दक्षिण भारताच्या टूरचं पत्रक घेऊन दुकानात आले. शेजारच्या इंदिराबाईंनी पैसे भरलेही होते. भिकुबाई कोपऱ्यात बसून ब्लाउजांना हूक लावत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं की सुनेला जाऊ द्या, मी घर बघते. भाऊ गेल्यावर सुलक्षणाने मशीन थांबवलं.

"आई, तुम्हाला स्वतःला कुठे जावंसं वाटतं?"

भिकुबाईंनी सुई तशीच धरून ठेवली. लग्न होऊन या घरात आल्यापासून हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. निदान सुलक्षणाने तरी विचारला नव्हता. मग त्या जराशा लाजत बोलल्या.

"मीठ कोठे पिकस, ते माले देखनं शे."

सुलक्षणाला आधी हसू आलं, पण सासूचा चेहरा पाहून ते ओठांतच राहिलं. भिकुबाई हळूहळू सांगायला लागल्या. दहिवेलच्या बाजूला त्यांची कोरडवाहू जमीन होती. तिथे त्यांनी बाजरी काढली, नागली काढली, भुईमूग, तूर, मिरची, लसूण, विहीर झाल्यावर कांदाही. घरातल्या भाकरीत आणि कालवणात जे जे पडतं ते सगळं कधी ना कधी त्यांच्या हातून मातीतून वर आलं होतं. एक मीठ तेवढं नाही. ते आठवडे बाजारातून आणायचं. आणि आणताना प्रत्येक वेळी त्यांच्या मनात यायचं की हे पिकवणारी बाई कुठे असेल, तिचं शेत कसं असेल.

शालिग्रामभाऊंच्या कुठल्याच टूरमध्ये मिठाचं शेत नव्हतं. त्याच संध्याकाळी सुलक्षणाने ठरवलं की आपण दोघीच जायचं.

नवलला ते पटलं नाही. दोघी बायका, एकीचे गुडघे असे, परका मुलूख, परकी भाषा. आणि टूरवाल्याला पैसे देतो ते कशासाठी, तर डोक्याला ताप नको म्हणूनच ना? त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. सुलक्षणाने वाद घातला नाही. ती धुळ्यात वाढलेली, शाळेत भूगोल आवडायचा, पण आजवर एक तिकीटसुद्धा तिने स्वतः काढलेलं नव्हतं. ती फोन घेऊन बसली. गिऱ्हाईक नसलं की नकाशा उघडायची, गाड्यांच्या वेळा बघायची. पहिल्यांदा तिने कच्छ बघितलं. ते फार लांब आणि खिशाला जड. मग लक्षात आलं की नवापूरहून पॅसेंजरने सुरत गाठता येतं आणि नवसारीच्या पुढे खाडीकाठीही मिठागरं आहेत. नवापूरपर्यंत एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पुढे पॅसेंजरचं भाडं किरकोळ. राहायला तिथल्याच एका गावातल्या देवळाची धर्मशाळा. तिचा नंबर कुठून तरी मिळाला. फोनवर बोलणाऱ्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला हिंदी बेताची येत होती, तरी तिने सगळं विचारून घेतलं. खोली तळमजल्यावर आहे का, संडास कसा आहे, जेवण मिळेल का, स्टेशनवरून रिक्षा असते का. टूरच्या निम्म्याहून कमी पैशांत दोघींचं सगळं बसत होतं. हिशेब नवलला दाखवला तेव्हा तो मान हलवत म्हणाला, जा बाई, पण फोन चालू ठेव.

निघायच्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघी निघाल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्यांचं तेल, भिकुबाईंची काठी, एक जाड सतरंजी. कोंडाईबारीचा घाट उतरताना थंड हवा आत आली आणि भिकुबाईंनी खिडकी बंद करू दिली नाही. नवापूरला गाडी यायला अवकाश होता. तिथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा भिकुबाई आधी या टोकाला बसल्या, मग त्या टोकाला सरकल्या, आणि म्हणाल्या की बूड दोन्हीकडे सारखंच गार लागतं. सुलक्षणा मोकळेपणाने हसली. घाई कुणालाच नव्हती.

पॅसेंजर प्रत्येक स्टेशनावर थांबत गेली. भिकुबाईंनी डब्यातल्या निम्म्या बायकांशी ओळखी केल्या. सुलक्षणाला वाटलं होतं, भाषेची अडचण येईल. ती आलीही, पण तिलाच. तिचं शुद्ध मराठी कुणाला कळेना आणि तिचं हिंदी पुस्तकी. भिकुबाईंचं अहिराणी 'शे' मात्र समोरच्यांच्या गुजराती 'छे'ला असं जाऊन मिळत होतं की माहेरच्या माणसांतच बसल्यासारखं वाटावं. सुरतेच्या अलीकडे उधन्याला गाडी बदलताना एका बाईने त्यांची पिशवी उचलली आणि दुसरीने हात धरला. गावात पोचेपर्यंत दिवस कलला होता. धर्मशाळेची खोली स्वच्छ होती, पुजाऱ्याच्या घरून कढी-खिचडी आली, आणि अंथरुणावर पडल्यावर सुलक्षणाला स्वतःचाच थोडा अभिमान वाटला. सगळं ठरवल्याप्रमाणे झालं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर यायच्या आत त्या मिठागराकडे निघाल्या. रिक्षा बांधापर्यंत गेली. सुलक्षणाने आधी उतरून सासूला हात दिला आणि समोर पाहिलं.

मीठ कुठेच नव्हतं.

नजर जाईल तिथपर्यंत चौकोनी वाफे होते आणि त्यांत करडा चिखल. काही वाफ्यांत पावसाचं गढूळ पाणी साचलेलं, ते दोघेतिघे जण उपसत होते. कुठे बांध घालायचं चाललं होतं. एका वाफ्यात पाच-सहा बायाबापड्या एका ओळीत पायांनी चिखल तुडवत होत्या. रिक्षावाल्याने विचारलं की मीठ बघायला आलात का? मग त्याने हसत सांगितलं की मीठ आता कुठलं, ते उन्हाळ्यात. आत्ताच तर पाऊस गेलाय.

सुलक्षणाचा चेहरा उतरला. खोली विचारली, संडास विचारला, रिक्षा विचारली, आणि ज्याच्यासाठी यायचं ते असेल का, एवढंच विचारायचं राहिलं. शेतकऱ्याच्या घरची सून, आणि पिकाला हंगाम असतो हे डोक्यात आलं नाही. शालिग्रामभाऊंनी अशी चूक केली नसती. नवल काही बोलणार नाही, पण मनात म्हणेल. आणि सासू? सत्तरी ओलांडलेल्या बाईला आपण पॅसेंजरमध्ये बसवून चिखल दाखवायला आणलं. सुलक्षणा बांधावरच्या दगडावर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, चुकलं माझं. मी विचारायलाच हवं होतं."

भिकुबाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्या कपाळावर हात धरून वाफ्यांकडे बघत होत्या. एका बाजूच्या वाफ्यात खाडीचं पाणी सोडलं होतं, तिथून दुसऱ्यात जायची वाट केलेली, तिथून तिसऱ्यात. एक माणूस फावड्याने मातीचा बांध फोडून पाणी वळवत दारं धरत होता, अगदी कांद्याला धरतात तसं. मग त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं.

"काबर तोंड पाडी बठनी? पीक ते कोनी बी देखस. आपले पेरनी देखाले भेटनी."

एवढं बोलून त्या काठी टेकत बांधावरून चालायलाही लागल्या. पायाखालचा बांध जरा निसरडा होता. सुलक्षणा डोळे पुसून मागे धावली.

चिखल तुडवणाऱ्या बायांतली एक वयस्क बाई थांबली. तिचं नाव रेवाबेन. दोघी म्हाताऱ्या एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलायला लागल्या, आणि सुलक्षणा नुसती या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली. रेवाबेनने सांगितलं ते भिकुबाईंनीच मग सुनेला समजावून दिलं. जमीन अशी तुडवून तुडवून घट्ट करायची की पाणी खाली मुरता कामा नये. मग भरतीचं पाणी आत घ्यायचं, ते या वाफ्यातून त्या वाफ्यात खेळवत दाट करायचं आणि शेवटच्या वाफ्यात ऊन त्याचं मीठ करतं. आमच्या शेतात पाणी मुरावं म्हणून जीव टाकतो, भिकुबाई म्हणाल्या, आणि यांच्यात मुरू नये म्हणून. याचं त्यांना फार नवल वाटलं.

थोड्या वेळाने त्यांनी लुगड्याचा काठ वर खोचला आणि चपला काढल्या. सुलक्षणाने अडवायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. कशाला अडवायचं? शिट्टी वाजवणारं इथे कोण होतं? रेवाबेनने एका बाजूने भिकुबाईंचा हात धरला, दुसऱ्या बाजूने सुलक्षणाने धरला, आणि तिघी वाफ्यात उतरल्या. चिखल वर उन्हाने कोमट आणि खाली गार होता. भिकुबाई जोरात तुडवू शकत नव्हत्या. एक पाऊल दाबायचं, थांबायचं, मग दुसरं. बाकीच्या बायांनी आपली चाल त्यांच्यासाठी हळू केली. कुणीतरी गाणं म्हणत होतं ते चालूच राहिलं. वाफ्याच्या त्या टोकाला पोचल्यावर भिकुबाई मागे वळल्या आणि आपल्या पावलांची वाकडी रांग बघून तोंडाला पदर लावून हसल्या. 

दुपारी रेवाबेनच्या झोपडीत चहा झाला. मागच्या बाजूला गेल्या हंगामातल्या मिठाची एक रास ताडाच्या झावळ्यांनी झाकून ठेवलेली होती. रेवाबेनने झावळी उचलून आतला एक पांढरा खडा भिकुबाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो आधी हुंगून पाहिला, मग जिभेला लावला, मग ज्वारीचा दाणा पारखावा तसा उन्हात धरून निरखला. माल चांगला आहे, असं त्यांनी सांगितलं. रेवाबेनला ते कळलं आणि तिचा चेहरा फुलला. जेवायला दशम्या निघाल्या. चटणी रेवाबेनच्या नवऱ्याला इतकी आवडली की सुलक्षणाने डबाच त्यांच्याकडे ठेवून दिला.

ठरवलेल्या बेतात दुसऱ्या दिवशी सकाळी सुरत होतं. किल्ला, बाजार, मत्स्यालय, सगळं सुलक्षणाने वेळ लावून बसवलं होतं. रात्री जेवताना भिकुबाईंनी हळूच विचारलं की उद्याही इथेच राहिलं तर चालेल का. सुलक्षणाने पुजाऱ्याला विचारलं, खोली मोकळी होती. एवढंच करायचं होतं. सुरत राहून गेलं आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. दुसरा दिवस त्यांनी बांधावरच काढला. भिकुबाई चिखलात उतरल्या नाहीत, पण भरतीचं पाणी दारातून आत शिरताना बघत बसल्या, आणि सुलक्षणा सतरंजी टाकून त्यांच्याशेजारी आडवी झाली. मशीनवर वाकून वाकून दुखणारी तिची पाठ किती वर्षांनी अशी भर दिवसा जमिनीला टेकली होती, कुणास ठाऊक. सासू काहीबाही सांगत होती. दहिवेलच्या पहिल्या विहिरीचं, नवलच्या जन्माचं, सासऱ्यांच्या रागीटपणाचं. यातलं निम्मं सुलक्षणाने कधी ऐकलेलं नव्हतं. गाडीत शेजारी बसून चितोडला जाऊन आल्या होत्या, पण असं बोलणं तेव्हा झालं नव्हतं.

घरी परतल्यावर नवलने मोटारीच्या तारा बाजूला सारून विचारलं, मग, कसं काय झालं? सुलक्षणाने आपली चूक आधीच कबूल करून टाकली की मीठ नव्हतं, हंगाम विचारायचा राहिला. नवल हसणार तेवढ्यात भिकुबाई सांगायला बसल्या. वाफे कसे, बांध कसे, दारं कसं धरतात, पाणी दाट झालं की त्याचा रंग कसा बदलतो. नवल ऐकता ऐकता स्टुलावरून उठून आईजवळ खाली येऊन बसला. दुकानात मोटार न्यायला आलेला हिलाल म्हणून एक शेतकरी होता, तोही उभ्या उभ्या ऐकत राहिला आणि पाणी उपसायला तिथे किती हॉर्सपॉवरची मोटार लावतात, ते विचारायला लागला. ते भिकुबाईंना सांगता आलं नाही. पुढच्या खेपेला विचारून येईन, म्हणाल्या.

इंदिराबाई दक्षिणेहून आल्या त्या पाय सुजवून. फोटो मात्र सुंदर होते, आणि सुलक्षणाने ते मनापासून बघितले. मीनाक्षीच्या देवळाचे रंग बघून ती म्हणाली, हेही एकदा बघायला हवं, पण हळू, दोन दिवस तिथेच राहून. इंदिराबाईंनी विचारलं की आपल्या दोघींना मिळून असं काही करता येईल का. येईल, सुलक्षणा म्हणाली. तिने फोन काढला आणि सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधायला घेतली, की तिकडे जायला बरा हंगाम कोणता.