दुकान कशाला म्हणायचं

“रंगाले रॅक नसते म्हने! रंग म्हंजे गुन म्हने! मंग इतके वर्सं मी काय गुन इकून राहिलो का?”

मी काउंटरखाली वाकून कॉम्प्युटरची निघालेली वायर शोधत होते. आमच्या ह्यांना वाटलं, मी मागे चहा टाकायला गेले आहे. म्हणून हे मन मोकळं करणं चाललं होतं, आणि तेही रिळांपुढे. किसनराव माणसांपेक्षा रिळांशी जास्त बोलतात. रिळं उलट उत्तर देत नाहीत, मी देते.

“गुण म्हणजे काही वाईट म्हटलं नाही मी,” मी खालूनच म्हटलं.

ते दचकले. “तू इथंच होती काय? मंग चाय कोन मांडला?”

“कोणीच नाही.”

“पाहा,” ते रिळांना म्हणाले.

अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं शिलाईच्या सामानाचं दुकान आहे. दोरे, बटणं, हूक, चेन, अस्तर, फॉल, लेस, लटकन. सगळं रंगानं लावलेलं. बाई साडी काखेत मारून येते, काउंटरवर पसरते आणि म्हणते, “भाऊ, याले मॅचिंग द्या.” हे वळतात, राणी कलरच्या नाहीतर मोरपंखीच्या रॅकपुढे उभे राहतात आणि जागचे न हलता सगळं काढून देतात.

अकोल्याला ह्यांच्या मोठ्या बहिणीचं, मैनाताईंचं, असंच दुकान. सामान तेच, पण तिथे रंगाला कोणी विचारत नाही. ताईंचे मालक, आमचे भाऊजी, टेलर होते. त्यांच्या मशीनकडे बघत बघत ताईंनी दुकान लावलं. डावीकडची भिंत कापड कापायच्या आधी लागतं त्या सामानाची, समोरची शिवतानाची, उजवीकडची शिवून झाल्यावरची. भाऊजी गेले, मशीन गेली, भिंती तशाच राहिल्या. अकोल्याचे टेलर अजून फोन करून सांगतात, “मैनाबाई, उजव्या भिंतीवरचं सगळं पाठवा, ब्लाउज तयार आहेत.” आणि बाईंना कळतं.

ताईंचा मुलगा ललित पुण्यात असतो. पोरगा सोन्यासारखा. त्यानं मोठा फ्लॅट घेतला, त्यात एक खोली आईची म्हणून ठेवली, पडदेसुद्धा लावले. आईनं आता एकटं राहू नये असं त्याचं म्हणणं, आणि त्यात चुकीचं काय काढणार? ठरलं असं, की डिसेंबर सरता सरता ताईंनी दुकान बंद करायचं, माल आमच्याकडे आणायचा आणि पुण्याला जायचं. अकोल्याच्या टेलरांनी फोनवर मागायचं, आम्ही इथून पाठवायचं. अडचण एवढीच, की ते मागणार ताईंच्या भिंतींवरून आणि शोधायचं आमच्या रॅकवर.

मार्ग ललितनंच दाखवला. त्याची कंपनी मोठमोठ्या दुकानांचे माल एकमेकांशी जुळवून देते.

“मामी, ऑन्टॉलॉजी करा,” तो फोनवर म्हणाला. जसं काही ढोकळा करा.

“दोन रकाने करून भागणार नाही का? इकडचं नाव, तिकडचं नाव?”

“करून बघा.”

करून बघितलं. ताईंची एक भिंत आमच्या सगळ्या रॅकवर सांडली, आणि आमचं एक लाल रॅक त्यांच्या तिन्ही भिंतींवर. मग बसले शिकायला. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा इंग्रजी व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, शब्द बघायचा, पुन्हा लावायचा. हळूहळू उलगडलं, की प्रकरण साधं आहे. वस्तूंची नुसती नावं लिहायची नाहीत, मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला, वाक्यं सांगायची. फॉल साडीला लागतो. शिवून झाल्यावर लागतो. त्याला रंग असतो, रंग हा त्याचा गुण. अशी वाक्यं सांगितली की रॅक आणि भिंती दोन्ही आपोआप निघतात. ज्याचा रंग लाल, ते ह्यांचं लाल रॅक. जे शिवून झाल्यावर लागतं, ती ताईंची उजवी भिंत. कोणाचं दुकान कोणाला मोडावं लागत नाही.

ही वाक्यं ज्या प्रोग्रॅममध्ये लिहायची त्यात एक भाग असतो, तो सगळी वाक्यं एकत्र वाचतो आणि न सांगितलेलंही काढून दाखवतो. कुठे दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडत असली तर लाल होतो. आमच्या घरात त्याचं नाव पडलं पंच.

पहिल्या दिवशी ताई आल्या, स्टुलावर बसल्या, चष्मा लावला. आमचं दुकान बंद असतं त्या दिवशी त्या एसटीनं यायच्या, डब्यात काहीतरी असायचंच.

“बटन सांगतलं, हूक सांगतलं,” त्या म्हणाल्या, “पन दुकान म्हंजे काय, हे सांगतलं काय तुह्या पंचाले?”

“सांगा, लिहिते.”

“दुकानात माल पायजे.”

“लिहिलं.”

“गिऱ्हाईक पायजे.”

“अन् दुकानदार पायजे,” हे मागून म्हणाले. “कमीत कमी एक. नाहीतर त्याले गोडाऊन म्हंतेत.”

ताई हसल्या. “बरा बोलला किसन्या. लिही वो दीक्षा.”

मी लिहिलं. प्रत्येक दुकानाला निदान एक दुकानदार असतोच. पंचानं मान्य केलं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी काम म्हणत होते, पण ते बहीणभावाचं भांडण होतं. लटकन कशाचा? ब्लाउजचा की स्वतःचा? नाडी पेटीकोटची आणि पायजम्याची एक की दोन? त्यात सरकारची तिसरीच वाटणी. टॅक्सवाल्यांच्या लेखी हूक धातूच्या सामानात, दोरा सुतात आणि बटण तिसरीकडेच.

“सरकारनं आपला ब्लाउज घालून पाहावा एकदा,” ताई म्हणाल्या. “मंग समजन हूक कुठी लागते तर.”

ऑक्टोबरात एकदा फजिती झाली. मी ह्यांना विचारलं होतं, ताईंचा दुधी म्हणजे आपला पांढराच ना? हे गडबडीत हो म्हणाले. ताईंना विचारलं होतं, किसनरावांचा मोतिया म्हणजे तुमचा दुधीच ना? त्याही हो म्हणाल्या. पंचानं दोन्ही हो जोडले आणि मोतिया पांढरा करून टाकला. चौदा तारीख जवळ आलेली, दीक्षाभूमीला जायला पांढऱ्या साड्या निघालेल्या, आणि ताईंकडचं संपलं म्हणून अकोल्याच्या डोमाजी टेलरला आमच्याकडून पांढऱ्याच्या नावाखाली मोतिया अस्तर गेलं.

ताईंचा फोन इतका मोठा, की मी कानापासून लांब धरला.

“पांढऱ्याशुभ्र साडीत पिवळट ब्लाउज! बाई त्याले म्हने, डोमाजी, हा ब्लाउज चायमध्ये बुडवला काय! किसन्याले म्हन, डोये फुटले काय तुहे?”

“तूच हो म्हनली ना दुधीले!” हे ओरडले.

“मी म्हनलं सारखा. तोच म्हनलं काय मी?”

तेव्हा मला नीट कळलं, की मशीनला ‘तेच आहे’ हे फार जपून सांगावं लागतं. ‘जवळचं आहे’ असं सांगायची वेगळी सोय असते आणि बहुतेक वेळा तीच खरी असते. पुढचे चार दिवस मी सगळी ‘तेच’ तपासून त्यांतली निम्मी ‘जवळची’ केली. डोमाजीला दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं पांढरं अस्तर गेलं, सोबत ह्यांनी एक पांढरी लेस फुकट घातली. मला न सांगता.

नोव्हेंबर लागला. काम संपायला आलं, आणि मग ते संपेना. मी रात्रीपर्यंत एक गोष्ट जुळवायची, सकाळी हे म्हणायचे, “रामा कलर अन् मोरपंखी जवळचे नाई बरं. ताईले बोलाव एकडाव, समोरासमोर पाहू.” ताई यायच्या, दोन्ही रिळं उन्हात धरायच्या, जवळचेच आहेत म्हणून कबूल व्हायच्या, जेवायच्या, जायच्या. दोन दिवसांनी अकोल्याहून फोन. “दीक्षा, मी म्हंतो, ते इलास्टिक समोरच्या भिंतीवरचं काहाडून टाक. ते शिवताना लागते काय शिवल्यावर, मले पुन्हा इचार करा लागते. येतो मी.”

“ताई, इलास्टिकचं मागच्याच आठवड्यात झालं.”

“झालं असन. पन मन मानत नाई.”

मला आधी वाटलं, माझंच काही चुकतंय. मग एका खेपेला मी पार्सल पोचवायला अकोल्याला गेले. ताई गिऱ्हाइकात होत्या. डाव्या भिंतीवर कॅनव्हासचे नवे गठ्ठे लावलेले, दोऱ्यांची कोरी खोकी, आणि काउंटरमागे नवं कोरं स्टूल, गादीचं.

“जुनं डुगडुगत होतं,” माझी नजर बघून त्या म्हणाल्या.

परत येऊन मी ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ राणी कलरचं रॅक सारखं करत राहिले.

“बंद करनारी बाई नवा माल भरते काय?” मग म्हणाले.

“तुम्ही विचारा ना त्यांना.”

“मी? मी काय इचारू? पोरगं मायेनं बोलावून राहिलं तिले. मी मधात तंगडी घातली तर ललित म्हनन, मामाले दुकानाची पडली. तू इचार.”

“मी विचारलं तर म्हणतील, भावजय पोराच्या अन् आईच्या मधे पडली.”

“मंग राहू दे,” हे म्हणाले.

राहू दिलं. ताई स्वतः काय बोलणार होत्या? ज्या पोरानं पडदे लावून ठेवले त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? सगळे मिळून आम्ही नाडी, इलास्टिक आणि लटकन यांच्यावर बोलत राहिलो.

डिसेंबरच्या शेवटच्या सुटीला ताई आल्या. डब्यात वांग्याची भाजी आणि भाकरी. ललितनं टेम्पो सांगून ठेवला होता, दोन दिवसांनी अकोल्याचा माल निघणार. तो स्वतः व्हिडिओ कॉलवर होता, फोन मी बटणांच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

“जय भीम मामी. झालं का सगळं?”

“झालं. एकच वाक्य राहिलं.”

खरंच एकच राहिलं होतं. सगळं सगळ्याशी लागलं होतं. डोमाजीनं उजवी भिंत म्हटलं तर आमच्या कोणत्या रॅकवर हात घालायचा ते पंच सांगत होता. हे दोघं बहीणभाऊ गेला तासभर एकही चूक शोधू शकले नव्हते, आणि शोधत मात्र होते.

मी पडद्यावर अकोल्याचं दुकान उघडलं. दुकानदार, मैना. ते पुसून लिहिलं, दुकानदार कोणीही नाही. पंचाला विचारलं.

पडदा लालभडक झाला.

“काय झालं?” हे वाकले. “काय म्हंते पंच?”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. “म्हणतो, असं दुकान असूच शकत नाही.”

ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

“मामी, ते तुम्ही सुरुवातीला नियम टाकला असेल एखादा,” ललित म्हणाला. “निदान एक दुकानदार वगैरे. तो काढा, नाहीतर त्याला गोदाम म्हणा. छोटीशी गोष्ट आहे.”

छोटीच होती. एक ओळ होती. माझा हात माऊसवर होता.

“काढू का?” मी विचारलं. ललितला विचारलं नव्हतं, पण नाव कोणाचंच घेतलं नाही.

हे पांढऱ्या रॅककडे तोंड करून उभे राहिले होते. एक रीळ काढलं, तिथेच परत ठेवलं. “काढ,” ते म्हणाले. आवाज असा, की रिळांनाही ऐकू गेला नसेल.

“आई, ऐकतेस ना?” ललितनं विचारलं. “काढू द्यायचं ना मामींना?”

ताईंनी हात पुढे केला आणि माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला. हलकेच, गरम भांडं सरकवावं तसा. मग फोन उचलून तोंडासमोर धरला.

“नको काढू,” त्या म्हणाल्या. “ललित, बाबू, तुहे पडदे लय चांगले आहेत. मी पाहाले येईन, चार दिवस राहीन बी. पन मले पुन्याले राहाले नाई यायचं.”