न पाठवलेली मेल

सकाळी साडेनऊला हंबीररावकाकांचा फोन आला, तेव्हा संयोगिता येलहंक्याच्या आपल्या घरी त्रैमासिकाची पानं लावत बसली होती. बेंगळूरमधल्या जुन्या मराठी कुटुंबांचं ते छोटंसं त्रैमासिक. गेली नऊ वर्षं ती एकटीच आपल्या लॅपटॉपवर ते तयार करत होती. काका त्याचे संपादक होते.

“तू पाठवलेली फाइल उघडत नाही गं,” काका म्हणाले.

“कुठली फाइल, काका?”

“पहाटे आलीय. मी दिवाळीत तुला लेखाबद्दल मेल केली होती ना, तिचंच उत्तर आहे. वर इंग्रजीत एक ओळ, सोबतची फाइल पाहावी म्हणून.”

संयोगितानं काहीच पाठवलं नव्हतं. तिनं काकांना ती मेल तशीच ठेवायला सांगितली आणि स्वतःची मेल उघडली. ‘पोचू शकली नाही’ म्हणून परत आलेल्या चाळीस-एक मेली तिथं पडल्या होत्या. कुणाचे पत्ते बदलले होते, कुणाचं खातं बंद होतं, आणि दोन माणसं तर आता हयातच नव्हती. या सगळ्यांना पहाटे चार ते साडेचारच्या दरम्यान तिच्या नावानं मेल गेली होती.

तिनं लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला आणि बाजारातल्या दिव्यश्रीच्या दुकानात गेली.

दिव्यश्री पस्तिशीची. लॅपटॉप दुरुस्तीचं तिचं दुकान एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. ती कन्नडच बोलायची, आणि संयोगितालाही घराबाहेर कन्नडच सोपं वाटायचं. दिव्यश्रीनं लॅपटॉप चालू केला आणि पहिल्यांदा वायफाय बंद करून टाकलं. मग आतले सगळे प्रोग्राम तारखेप्रमाणे लावले.

“नावावरून काही कळत नाही, मेडम. नावं सगळ्यांची चांगलीच असतात. तारीख बघायची. गेल्या मंगळवारी काय घातलंत?”

गेल्या मंगळवारी संयोगितानं एक फुकटचा कन्व्हर्टर नेटवरून उतरवून घेतला होता. एकानं वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमधला लेख दिला होता, तो आजच्या अक्षरांत आणायचा होता. कन्व्हर्टर उघडलाच नाही, म्हणून ती त्याला विसरूनही गेली होती.

“तो उघडला,” दिव्यश्री म्हणाली. “तुम्हाला दिसला नाही एवढंच. त्यानं तुमच्या जुन्या मेली वाचल्या आणि त्यांनाच उत्तरं पाठवली. माणूस ओळखीचा, विषय ओळखीचा, मग कोण फाइल उघडणार नाही? आता स्वल्प थांबा, आधी फोनवरून पासवर्ड बदला. सगळीकडून लॉग-आउट करा. आणि ज्यांना ज्यांना मेल गेलीय त्यांना सांगा. त्यांना मेलवरून सांगू नका, फोन करा.”

संयोगितानं तिथंच बाकावर बसून पासवर्ड बदलला आणि फोनवर गेलेल्या मेलींची यादी उघडली. नावं ओळखीची होती आणि विषयही. हळदीकुंकवाचं आमंत्रण, मुखपृष्ठाचा फोटो, सभेची वेळ. बोटानं यादी वर सरकवता सरकवता ती एका नावापाशी थांबली. तुंगाक्का. विषय होता, ‘आईचे रिपोर्ट’.

तुंगाक्का तिची थोरली बहीण. के. आर. पुरमला एकटी राहायची. बेंगळूरमध्येच असून दोघी सात वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आई, जमनाबाई, संयोगिताच्या घरी होती आणि तिथंच गेली. शनिवारी पहाटे ती गेली आणि अक्का नऊच्या सुमारास पोचली. दारात चपला काढत असलेल्या अक्काला संयोगिता भरल्या घरासमोर म्हणाली होती, “आता कशाला आलीस?” दिवस झाले तशी अक्का आपल्या घरी परतली. आठवड्यानं तिची दोन ओळींची मेल आली होती. ‘आईचे शेवटचे रिपोर्ट पाठव. मला बघायचे आहेत.’ त्या मेलला संयोगितानं उत्तर दिलं नव्हतं. ते आज पहाटे, सात वर्षांनी, त्या प्रोग्रामनं दिलं होतं.

दुपारभर ती फोन करत राहिली. बहुतेकांनी मेल पाहिलीच नव्हती, काहींनी पुसून टाकली होती. एका म्हातारबुवांनी फाइल म्हणजे काय इथपासून विचारलं, आणि ते खुशाल असल्याचं कळलं. पाच वाजता दिव्यश्रीनं विचारलं, “झालं सगळ्यांना सांगून?”

“एक राहिलंय.”

“ते राहू देऊ नका.”

संयोगिता दुकानाच्या जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं फोन लावला. नंबर अजून तोच होता.

“हां, बोल,” अक्का म्हणाली. कोण म्हणून विचारलं नाही.

“अक्का, पहाटे माझ्या नावानं तुला एक मेल आलीय. त्यातली फाइल उघडू नकोस.”

“उघडली की. दोनदा उघडली. काहीच दिसलं नाही, मग वाटलं माझ्याच लॅपटॉपला जमत नसेल. चष्मा बदलून परत पाहिलं.”

“ती मी पाठवली नव्हती. माझ्या लॅपटॉपमध्ये व्हायरससारखं काहीतरी शिरलंय, त्यानं पाठवली.”

मागे तिच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

“सरी, बरं,” ती म्हणाली. “मग मी काय करायचं?”

“नेट बंद कर. त्याच्यावर कुठलाही पासवर्ड टाकू नकोस. फोनवरून मेलचा पासवर्ड बदल. बाकीचं मी येऊन करते. गुरुवारी येऊ?”

“तुला येतं का ते?”

“शिकून येते.”

बुधवारी ती दिवसभर दिव्यश्रीच्या शेजारी स्टुलावर बसली. दिव्यश्रीनं आधी तिच्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फाइली एका हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि दुसऱ्या मशीनवर तपासून घेतल्या. प्रोग्राम एकही घेतला नाही. “हा एक प्रोग्राम काढून टाकता येईल,” ती म्हणाली, “पण त्यानं आणखी कुठं काय ठेवलंय हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यापेक्षा सगळं पुसू आणि विंडोज नवीन घालू.” संयोगिता प्रत्येक पायरी वहीत लिहून घेत होती. कुठली कळ दाबून धरायची, कुठं ‘हो’ म्हणायचं, कुठं मुळीच म्हणायचं नाही. संध्याकाळी दिव्यश्रीनं तिला एक रिकामी हार्ड डिस्क आणि विंडोज घातलेला पेन ड्राइव्ह दिला. अडलं तर व्हिडिओ कॉल करा, असंही सांगितलं.

त्या संध्याकाळी संयोगितानं कपाटातून आईची फाइल काढली. नवरा, रघुनंदन, यशवंतपूरच्या दुकानातून नुकताच आला होता. त्यानं फाइल पाहिली.

“ती पण नेतेयस?”

“हो.”

“बरं,” तो म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

गुरुवारी हेब्बाळला बस बदलून ती अकरापर्यंत के. आर. पुरमला पोचली. अक्कानं दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते आणि तिनं ते कापून आखूड केले होते. दोघी एकमेकींकडे पाहून किंचित हसल्या, आणि अक्का लगेच म्हणाली, “लॅपटॉप टेबलावर आहे.”

अक्का पस्तीस वर्षं एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. निवृत्त झाल्यावर ती नव्या मुलींना शिकवायला जायची. लॅपटॉपवर तिनं सूक्ष्मदर्शकातून काढलेले अकराशे फोटो होते.

“हे जाणार का?” तिनं विचारलं.

“नाही. आधी तेच काढून घेऊ.”

फोटो एकामागून एक उतरत गेले. पडद्यावर जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांची चित्रं येत होती. अक्का शेजारी बसून सांगत होती. ही स्लाइड कावीळ झालेल्या बाईची, ही डेंग्यूची, ही एका तीन वर्षांच्या मुलीची, ती मुलगी बरी झाली. संयोगितानं बहिणीला इतकं सलग बोलताना किती तरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

फोटो पुरे झाल्यावर संयोगितानं वही उघडली, पेन ड्राइव्ह लावला आणि लॅपटॉप परत चालू केला. पहिल्यांदा कळ चुकली. दुसऱ्यांदा जमलं. सगळं पुसायचं का, असं पडद्यावर आलं तेव्हा तिनं वहीतली ओळ दोनदा वाचली आणि मग ‘हो’ म्हटलं. पुढं अर्धा तास तरी नुसतं पाहत बसायचं होतं.

तिनं पिशवीतून आईची फाइल काढून अक्कापुढे ठेवली.

“तू मागितले होतेस ते.”

अक्कानं चष्मा बदलला. शेवटचा कागद गुरुवारचा होता, आई गेली त्याच्या दोन दिवस आधीचा. अक्काचं बोट ओळीओळीनं खाली आलं आणि एका आकड्यावर थांबलं. आकड्यापुढे छोटी चांदणी छापलेली होती.

“पोटॅशियम सहा पूर्णांक आठ,” अक्का म्हणाली. “हे तू कधी पाहिलंस?”

“गुरुवारी संध्याकाळी. मला कळलं नाही. डॉक्टरांची वेळ सोमवारची होती. तू शुक्रवारी फोन केलास तेव्हा मी सांगितलं, सगळं ठीक आहे, रविवारी सावकाश ये.”

“असा आकडा आला की हृदय कधीही बंद पडू शकतं, म्हणून लॅबनं स्वतः फोन करायचा असतो. आम्ही करायचो.”

“त्यांनी केला होता,” संयोगिता म्हणाली. “दोनदा. अनोळखी नंबर होता म्हणून मी उचलला नाही. आई गेल्यावर मी त्या नंबरला लावला, तेव्हा कळलं तो लॅबचा.”

अक्कानं कागद खाली ठेवला. पडद्यावर टक्के सरकत होते. एकोणीस. वीस.

“शनिवारी मला म्हणालीस, आता कशाला आलीस.”

“हो. मला कुणीतरी विचारेल अशी भीती होती. म्हणून मीच तुला विचारलं.”

अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. संयोगिता तिथंच बसून राहिली. आत नळ चालू झाला, बंद झाला. लॅपटॉप आपोआप एकदा बंद होऊन चालू झाला, तरी अक्का बाहेर आली नव्हती. मग ती आली. डोळे धुतल्यासारखे दिसत होते. ती पुन्हा शेजारी बसली.

“मी तिथं असते तर तिला तशीच उचलून इस्पितळात नेलं असतं,” ती म्हणाली. “वाचली असती असं मी म्हणत नाही. तिची किडनी तेव्हा फारशी उरलीच नव्हती. पण नेलं असतं.”

“माहीत आहे.”

“सात वर्षं मी समजत होते, शुक्रवारीच निघायला हवं होतं. तू नको म्हणालीस तरी मी निघायला हवं होतं. रोज तेच.” तिनं फाइल बंद केली. “हे तू तेव्हाच सांगितलं असतंस तर मी भांडले असते. खूप भांडले असते. पण ते बरं झालं असतं.”

संयोगितानं मान हलवली.

“आता भूक लागलीय,” अक्का म्हणाली. “सारू-भात आहे आणि मेथीची भाजी. चालेल?”

जेवताना त्या त्या विषयावर बोलल्या नाहीत. अक्कानं तिला दोनदा सारू वाढलं. हंबीररावकाका अजून प्रत्येक अंकात स्वतःचाच लेख घालतात का, असं विचारलं. घालतात, संयोगिता म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तीनपर्यंत लॅपटॉप तयार झाला. संयोगितानं फोटो परत घातले, ब्राउझर तपासला, मेलमधून कुठं काही आपोआप पुढं जात नाही ना तेही वहीप्रमाणे पाहिलं. फोनवर नंबर आल्याशिवाय मेल उघडणार नाही अशी सोयही करून दिली. आणखी एक गोष्ट राहिली होती. अक्काच्या लॅपटॉपवरूनही तिच्या ओळखीच्यांना तशाच मेली गेल्या असतील तर? दोघींनी यादी पाहिली. नेट वेळेवर बंद केल्यामुळे तीनच गेल्या होत्या. अक्कानं त्या तिघांना तिथंच फोन केले. तिसऱ्या बाईंना ती म्हणाली, “माझी बहीण आलीय, तिनं सगळं नीट केलं.”

साडेचारला अक्का तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. रेल्वे पुलापाशी नेहमीसारखी वाहनं तुंबली होती. बसला वेळ होता, म्हणून दोघी एका हातगाडीपाशी थांबल्या आणि अक्कानं पेरू घेतले.

“मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे,” ती पेरू पिशवीत भरताना म्हणाली. आवाज नेहमीचाच होता.

“असू दे.”

“काही दिवस राहील.”

“राहू दे, अक्का.”

हेब्बाळची बस आली. अक्कानं अर्धे पेरू संयोगिताच्या पिशवीत घातले आणि गर्दीत तिला मागून वर चढवलं. बस हलली तेव्हा संयोगिता खिडकीतून पाहत होती. अक्का रस्ता ओलांडायला उभी होती, दोन्ही बाजूंना बघत, घाई न करता.