मोनिकाचं बाळ आणि मी

मी एक जुनी, पायानं चालवायची शिलाई मशीन आहे, मित्रांनो. छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या बाजूला मकासरे कुटुंब राहतं, त्यांच्या पुढच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. माझे बिडाचे पाय एका कारखान्यात ओतले, सागवानी फळी दुसरीकडे रंधली आणि गुलमंडीवरच्या एका दुकानात मी उभी राहिले. तिथून सर्जेराव मकासऱ्यांनी मला टांग्यात घालून आपल्या नव्या नवरीसाठी घरी आणलं. ती नवरी म्हणजे द्वारकाबाई. मला खाली उतरवल्यावर सर्जेरावांनी माझ्या फळीवर हात ठेवून प्रार्थना केली. शेजारी हसले. मला मात्र फार बरं वाटलं.

पुढं कितीतरी वर्षं मी राबले. चर्चमधल्या लेकरांचे बाप्तिस्म्याचे पांढरे झगे माझ्याच सुईखालून जात. "द्वारकाबाईची शिवण उसवत नाय," असं लोक म्हणत आणि माझं चाक अभिमानानं फिरे. सर्जेराव वारले, त्यानंतर याच शिवणीवर द्वारकाबाईंनी आपल्या मुलाला, ऋतुराजला शिकवलं, वाळूजच्या कंपनीत चिकटवलं. त्याचं लग्न झालं आणि वैजापूरची मोनिका सून म्हणून घरात आली. सासूचे गुडघे कुरकुरू लागले होते. मोनिकानं मला आपलंसं केलं. ती पायडल मारताना उपासनेतली गाणी गुणगुणायची. मला तिचे पाय लगेच ओळखू यायचे, हलके आणि एका लयीतले.

बरीच वर्षं प्रार्थना केल्यावर तिला दिवस गेले. घरात सगळे तिला जपू लागले. पण जून आला. शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा येऊन पडला. मोनिकाला आठवा लागला होता. द्वारकाबाई कापड पुढं ठेवत म्हणाल्या, "एवढी खेप होऊ दे, पोरी. मंग तू पायडलला पाय लावू नको."

"होतंय की आई, बसूनच तर काम आहे," मोनिका हसून म्हणाली.

एका दुपारी बाही जोडता जोडता तिचे पाय थांबले. तिनं माझी फळी घट्ट धरली. "आई, काहीतरी होतंय," एवढंच ती बोलली. ऋतुराज धावत आला, रिक्षा आली, सगळे दवाखान्यात गेले. अर्धी जोडलेली बाही माझ्या सुईखाली तशीच राहिली.

मुलगा झाला होता. फार लहान होता. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. चर्चचे पाळकसाहेब अमोलिक बाप्तिस्मा द्यायला निघाले, पण ते पोहोचायच्या आत बाळ गेलं. त्याला ख्रिस्ती दफनभूमीत ठेवून ऋतुराज घरी आला आणि भिंतीला टेकून बसून राहिला.

भेटायला माणसं आली. शेजारच्या भामाबाई मनानं वाईट नव्हत्या. पण माझ्याकडं बघत त्या म्हणाल्या, "आठव्या महिन्यात मशीन चालवायची असती व्हय? पोट हलतं ना गं त्यानं."

मित्रांनो, ते ऐकून मोनिकाचा चेहरा दगडासारखा झाला. डॉक्टरांनी ऋतुराजला सांगितलं होतं, की पोटात बाळाला पोसणारी वार आतून आधीच सुटली होती, मशीननं असं होत नाही. त्यानं ते तिला परत परत सांगितलं. ती म्हणायची, "तुम्ही माझी समजूत काढताय. माझ्याच पायानं घालवला मी त्याला."

रविवारी ऋतुराज एकटाच चर्चला जाऊ लागला. "माझ्या तोंडातून गाणं निघत नाय. देवापुढं कोणत्या तोंडानं उभी राहू?" असं मोनिका म्हणायची. द्वारकाबाई रोज प्रार्थनेला बसत, पण "हे प्रभू" म्हणून तिथंच अडत. मला मागच्या पडवीत, गॅसच्या रिकाम्या टाकीशेजारी ढकललं होतं. माझ्यावर धूळ बसली, पट्टा सैल पडला. मलाही वाटू लागलं, खरंच माझ्यामुळं तर झालं नसेल? उत्तर द्यायला मला तोंड नव्हतं.

एक दिवस द्वारकाबाईंनी भंगारवाल्याला हाक मारली. तो मला उचलायला वाकला, तेवढ्यात मोनिका आतून धावत आली. "राहू द्या तिला! मशीनचा काय गुन्हा? पाय माझे होते."

द्वारकाबाई मटकन खाली बसल्या. "पाय तुझे होते, पण कापड कुणी टाकलं तुझ्यापुढं? मी टाकलं. गिऱ्हाईक तुटंल म्हणून टाकलं. तू म्हणतीस, 'माझ्याच पायानं घालवला', आन् मी रोज ऐकती. एकदा पण माझ्या तोंडातून निघालं नाय, की पोरी, दोष माझा हाय. नातवाला मीच खाल्लं गं."

मोनिका सासूजवळ बसली. "असं नका बोलू, आई. डॉक्टर म्हणाले ना, वार आतूनच सुटली होती." आणि हे स्वतःच्या तोंडून बाहेर पडलेलं ऐकून ती हुंदके देऊन रडू लागली. दोघी एकमेकींना धरून रडल्या. भंगारवाला आपली गाडी घेऊन मुकाट निघून गेला.

संध्याकाळी ऋतुराजनं पाळकसाहेबांना बोलावून आणलं. मोनिकानं मनात दाबून ठेवलेलं विचारलं, "त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं नाय, साहेब. प्रभूनं घेतलं असंल का त्याला?"

पाळकसाहेब सावकाश बोलले, "येशूनं लेकरं उचलून घेतली, तेव्हा कुणाचा बाप्तिस्मा झालाय म्हणून विचारलं नव्हतं, बाई. बाळ का गेलं, ते मात्र मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं सांगितलं, तर ते खोटं होईल." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "लेकराचं नाव काय?"

इतकी माणसं येऊन गेली, पण हे कुणीच विचारलं नव्हतं. मोनिकानं डोळे पुसले. पोटात होता तेव्हापासून तिनं एक नाव मनात धरलं होतं.

"आशीर्वाद," ती म्हणाली. मग ऋतुराजकडं बघून पुन्हा, स्पष्ट आवाजात, "आशीर्वाद ऋतुराज मकासरे."

मोनिका आता चर्चला जाते. शेवटच्या बाकावर बसते, गाणं अजून म्हणत नाही. माझ्या पायडललाही तिनं अजून पाय लावलेला नाही, आणि मला घाई नाही. अपराधाची बोच एका दिवसात जात नाही. तरीही माझं एवढं ऐका, मित्रांनो. लेकरू गेलेल्या घरात पाऊल टाकाल, तेव्हा कसं झालं, कुणामुळं झालं, हे विचारू नका. ते त्या घरातली माणसं स्वतःला रोज विचारत असतात. तुम्ही त्यांच्याजवळ बसा, आणि लेकराचं नाव विचारा.